पहिल्या वीस मिनिटांचे तेल

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तूंवरचा मळ काढला, त्याला स्वतःची ओळख पटवून देता येऊ नये, हा आपल्या काळाचा न्याय आहे. बँकेतल्या यंत्रावर त्याने अंगठा ठेवला की यंत्र लाल दिवा लावी. खिडकीमागची बाई म्हणे, "नीट दाबा." तो नीट दाबी. यंत्र पुन्हा त्याचे अस्तित्व नाकारी. पॉलिशच्या फिरत्या चाकापुढे धातू धरून धरून त्याच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच गुळगुळीत झाल्या होत्या. पण असे काही ऐकून घेण्याची सोय त्या खिडकीत कोणी केलेली नव्हती. तो हसून परत येई. तक्रार हा त्याचा स्वभाव नव्हता. ती करायला आपल्यासारखे शिकलेले लोक आहेत.

त्याचे दुकान म्हणजे दोन चाके, एक मोटार आणि छतापर्यंत उडालेली काळी धूळ. हॉस्पिटलातल्या कात्र्या आणि चिमटे, बँडवाल्यांची पितळी वाद्ये, जिन्यांचे कठडे, जुन्या घड्याळांच्या डब्या असे सारे काही त्याच्याकडे काळवंडून येई आणि परत जाताना त्यात नाक-डोळे दिसत. वस्तू मळकट दिसली की त्याचे हात शिवशिवत. पाहुणा म्हणून कोणाकडे गेला, तरी बोलता बोलता दाराची कडी रुमालाने घासून चकचकीत करून येई. या खोडीमुळे सासऱ्यांनी त्याचे नाव चकचकराव ठेवले होते, आणि हे नाव इतके रुजले, की घरात खरे नाव कोणी घेईनासे झाले.

सासऱ्यांना तो मामा म्हणे. मामांनी उभे आयुष्य टॅक्सी चालवली. एकच गाडी, गोल दिव्यांची, लांब नाकाची. तिच्या कमाईवर दोन मुली शिकल्या. थोरली रसायनशास्त्र शिकून तेलाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. धाकटी या चकचकरावांच्या घरी आली. लग्नात मामा जावयाला म्हणाले होते, "मुलगी दिली, आता गाडी मागू नका." आणि म्हातारपणी एक दिवस आपण होऊन किल्ली त्याच्या हातात ठेवून म्हणाले, "इंजिन गेलंय. तुम्हाला मेलेल्या वस्तू चमकवायची हौस आहे ना? घ्या."

चकचकरावाने ते आव्हान मानले. गल्लीच्या टोकाला एका मिस्त्रीचे गॅरेज होते. मिस्त्री हात सोन्याचा आणि जीभ लोखंडाची, असा माणूस. दोघांनी मिळून इंजिन सुटे केले, सिलिंडर नव्याने कोरून घेतले, पिस्टन नवे घातले. घोडे अडले ते कॅमशाफ्टपाशी. इंजिनाच्या माथ्यावर, झाकणाखाली आडवा फिरणारा हा दांडा. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात, आणि प्रत्येक उंचवटा फिरता फिरता खालच्या टॅपेटला, म्हणजे झडपेवरच्या वाटीला, दाबून इंजिनाचे श्वास उघडतो, मिटतो. जुन्या दांड्याचे उंचवटे झिजून सपाट झाले होते, आणि नवा कोणी बनवत नव्हते. ज्या कंपनीने बनवला, तिने गाडीसकट त्याचे नावही पुसून टाकले होते. तीन वर्षे शोध चालला. शेवटी एका मिटलेल्या दुकानाच्या माळ्यावर, मेणकागदात गुंडाळलेला, कधीच न वापरलेला एक दांडा सापडला. दुसरा नाही, याची खात्री दुकानदाराने माळा रिकामा करून दिली.

घाई करण्यासारखे कारणही होते. महिनाअखेरीस मामांचा गाडी चालवण्याचा परवाना संपणार होता, आणि त्या वयाला नवा मिळणार नव्हता. नियम तसाच होता. सत्तर वर्षांत एकाही माणसाला न ठोकलेला आणि पहिल्याच वर्षी तिघांना ठोकलेला, दोघेही नियमाच्या लेखी सारखेच.  मामा रोज सकाळी गॅरेजात येऊन खुर्ची टाकून बसत आणि विचारत, "मिस्त्री, आज काय उजेड पाडणार?"

"मामा, तुमचे जावई हात लावू देतील तर पाडतो!" मिस्त्री म्हणे. "बोल्ट मागितला की आधी पॉलिश करून देतात."

दांडा बसवायच्या आदल्या दुपारी चकचकरावाने मेणकागद उलगडला, आणि त्याचे मन खट्टू झाले. इतक्या शोधानंतर हाती आलेली ती वस्तू काळसर, खरबरीत, राखाडी होती. चुलीतून ओढून काढल्यासारखी. त्याने ती बगलेत मारली आणि दुकानात नेली. एकेक उंचवटा चाकापुढे धरला. काळा थर निघाला, खालून पोलाद उजळले. नवऱ्या मुलाला सजवावे तसा त्याने तो सजवला आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या हाती दिला.

मिस्त्रीने शीळ घातली. "अहो, यात तर दाढी करता येईल!" त्यालाही काही खटकले नाही. आजवर त्याने बसवलेले सगळे दांडे जुनेच, पुन्हा घासून आणलेले, त्यामुळे उघड्या पोलादाचेच असत. दांडा इंजिनाच्या माथ्यावर चढला.

त्या रविवारी थोरली मेव्हणी आली. तिला सगळे ताई म्हणत. सरळ मानेची, चष्म्यावरून बघणारी बाई; तिच्यासमोर मिस्त्रीसुद्धा शिव्या गिळून टाकी. चकचकरावाने मोठ्या अभिमानाने इंजिनावरचे फडके उचलले. ताईंनी वाकून पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. मग जवळच्या टायरवर हळूच बसल्या.

"भाऊजी, याच्यावरचा काळा थर कुठं गेला?"

"काढला ना! काय मळ होता ताई. दोन तास लागले."

"मळ नव्हता तो."

 रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"तो लेप होता," ताई म्हणाल्या. "कारखान्यात मुद्दाम देतात. त्याच्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, स्पंजासारखी. नव्या दांड्याला तेल धरून ठेवायला. पहिली वीस मिनिटं हा दांडा आणि टॅपेट एकमेकांना ओळखत नसतात. त्या वेळात थर नसेल, तर उंचवटे खरवडले जातात. एकदा खरवडले की संपलं."

चकचकरावाच्या तोंडचे पाणी पळाले. चांगले करायला जावे आणि नेमके मुळावर यावे, असे लोकांच्या बाबतीत झालेले त्याने ऐकले होते. हात मात्र आज प्रथमच स्वतःचे होते.

"पुन्हा देता येणार नाही लेप?" त्याने विचारले.

दांडा पुन्हा उतरवून तेही करून पाहिले. असा लेप देणारा एक कारखाना शहराबाहेर होता. तिथल्या माणसाने दांड्याकडे पाहिलेही नाही. "ट्रकभर माल असेल तर या. एका नगाची नोंद आमच्या संगणकात होत नाही." संगणकात जे बसत नाही ते जगात नसते, हे एकदा मान्य केले, की मग कोणाशी भांडायचे कारणच उरत नाही. चकचकराव आणि मिस्त्री दांडा घेऊन परत आले.

"माझ्या हातून शेकडो दांडे गेले ताई," मिस्त्री म्हणाला. "बिनलेपाचे. एक नाही मेला."

"त्या वेळचं तेल वेगळं होतं, मिस्त्री. ते तुमच्या चुका पोटात घालत होतं. आता जी काही आशा आहे, ती तेलाचीच."

तेल चकचकरावाने आधीच आणून ठेवले होते. सोनेरी डबा, वर भरधाव गाडीचे चित्र, दुकानातले सर्वांत महाग. बाळाला पाजायचे तर काय पाण्यातले दूध पाजायचे, असा त्याचा हिशेब. ताईंनी डबा फिरवून फिरवून वाचला. त्यावर 'उत्कृष्ट' हा शब्द पाच ठिकाणी होता. आत काय आहे, हे एकाही ठिकाणी नव्हते. हल्लीच्या बहुतेक गोष्टींवर असेच लिहिलेले असते.

"हे आजच्या गाड्यांचं. पाण्यासारखं पातळ. आणि यातलं जस्त कमी केलेलं असतं, कारण आजच्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारी जाळी असते, ती जस्ताच्या जोडीनं येणाऱ्या फॉस्फरसनं खराब होते. आपल्या गाडीला जाळीच नाही. शिवाय हे फार निसरडं. नव्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला थोड्या घासल्या पाहिजेत, तरच त्या नीट बसतात. या तेलात त्या नुसत्या घसरत राहतील, आणि गाडी जन्मभर धूर सोडेल."

"म्हणजे थोडं घासलंच पाहिजे, पण जास्त घासता कामा नये?" चकचकरावाने विचारले.

"रिंगा घासल्या पाहिजेत. उंचवटे घासता कामा नयेत. आणि तेल दोघांना एकच."

मामा खुर्चीवरून म्हणाले, "गिअरचं तेल घाल. घट्ट असतं. मी एकदा अडचणीत घातलं होतं."

"बाबा, त्यातला गंधक इंजिनातलं पितळ खाऊन टाकेल."

"मग जस्ताची बाटली मिळते, ती अख्खी ओततो," मिस्त्री म्हणाला.

"ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाता का? प्रमाणाबाहेर गेलं तर तेच जस्त-फॉस्फरस पोलादाला पोखरतं."

पुढचे दोन दिवस ताई दुकाने फिरल्या. दुकानदार डब्याच्या रंगावरून तेल सुचवत. एका कंपनीच्या मदतीच्या क्रमांकावर त्यांनी जस्ताचे प्रमाण विचारले, तेव्हा पलीकडचा गोड आवाज म्हणाला, "आपली गाडी कोणत्या वर्षीची आहे?" ताईंनी वर्ष सांगितले. आवाज थबकला. मग म्हणाला, "मॅडम, ते वर्ष आमच्याकडे येत नाही." शेवटी त्यांनी जुन्या गाड्यांसाठीची म्हणवणारी तीन साधी खनिज तेले घेतली, प्रत्येकाचे थोडे थोडे बाटल्यांत भरले आणि आपल्या जुन्या प्रयोगशाळेत नेले. तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेली एक बाई होती. तिने यंत्रावर तपासून सांगितले, की एकात जस्त नावालाच आहे, एकात फारच आहे, आणि तिसऱ्यात ताईंना हवे तेवढे आहे. तिसरा डबा तिघांत सर्वांत कुरूप होता.

तो डबा घेऊन ताई गॅरेजात आल्या, तेव्हा चकचकराव दांड्यासमोर स्टुलावर बसलेला होता. उंचवट्यांत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि तो त्याला बघवत नव्हता.

"ताई, हे जस्त तिथं करतं तरी काय?"

ताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. आयुष्यभर ज्या गोष्टीपाशी काम केले, तिच्याविषयी घरातल्या कोणी त्यांना हा पहिलाच प्रश्न विचारला असावा. त्यांचा आवाज बदलला.

"दोन धातूंच्या मधे तेलाचा पडदा असतो. केसाहून कितीतरी पातळ. पण या टोकावर इतका दाब येतो, की पडदा पिळून निघून जातो. लोखंड लोखंडाला भिडणार, तेवढ्यात त्या उष्णतेनं जस्ताचं हे रसायन फुटतं आणि पोलादावर काचेसारखा एक थर धरतं. मग घासला जातो तो थर. तो गेला की त्याच जागी नवा धरतो. मिनिटाला शेकडो वेळा."

"म्हणजे लोखंडाच्या वाट्याची झीज ते स्वतःवर घेतं?"

"आमच्या पुस्तकांत असं लिहीत नाहीत," ताई म्हणाल्या. "पण हो."

चकचकरावाने डबा पुढे ओढला. त्याने आजवर हजारो वस्तूंवरचे थर काढले होते. एखादा थर स्वतःहून, कोणाला न दिसता, वस्तूच्या रक्षणासाठी येऊन बसतो आणि जातो, हे त्याच्या कधी मनातही आले नव्हते. त्याने डबा उघडून बोटावर तेल घेतले. मधासारखे दिसत होते. बाकी काहीच दिसत नव्हते.

"वाचेल का दांडा?"

"माहीत नाही भाऊजी. खोटं कशाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीही आली. दांडा पुन्हा माथ्यावर चढला आणि उंचवट्यांना पहिल्या घर्षणापुरते काळे मलम चोपडले गेले. तेल भरले. मग मिस्त्रीने इंजिन चालू न करताच, ड्रिलने फक्त तेलाचा पंप फिरवायला घेतला. झाकण उघडे होते. सगळे माथ्यावर वाकले. आधी काहीच होईना. ड्रिल घरघरत राहिले. मग दांड्याच्या वरच्या नळीतून एक थेंब फुगला, लोंबला आणि पडला. त्याच्यामागे दुसरा. बघता बघता सगळ्या भोकांतून तेल पाझरू लागले आणि प्रत्येक उंचवट्यावरून पदर सरकावा तसे उतरले. अंधाऱ्या इंजिनाच्या तळातून, इतक्या वळणांतून ते नेमके जिथे हवे तिथे चढून आले होते.  

झाकण बसले. मामा स्टिअरिंगमागे बसले. तिथे बसायचे कोणी, हा प्रश्न कोणी काढलाच नाही.

"बाबा, नीट ऐका," ताईंनी खिडकीत वाकून सांगितले. "सुरू झालं की लगेच वेग वाढवायचा आणि तसाच धरायचा. मंद ठेवायचं नाही. मंद चाललं तर तेल कमी उडतं आणि दाब जास्त पडतो."

"मला गाडी शिकवतेस?"

"हो."

किल्ली फिरली. इंजिन खोकले, थरथरले, आणि एकदम पेटले. गॅरेज आवाजाने भरून गेले. धाकटीने नवऱ्याचा दंड पकडला. आणि त्याच क्षणी मामांनी जे जन्मभर केले तेच केले. नुकत्याच उठलेल्या इंजिनाला पिळायचे नसते, गोंजारायचे असते, हे त्यांच्या पायात मुरलेले होते. पाय वर आला. आवाज उतरू लागला, खाली, आणखी खाली, आणि माथ्यावरून एक कोरडी टकटक ऐकू आली.

"बाबा, पाय!" ताई ओरडल्या.

मामांना ऐकू गेले नसावे. चकचकराव गाडीला वळसा घालून धावला, दार उघडून खाली वाकला आणि सासऱ्यांच्या पायावर हात ठेवून पेडल दाबले. आवाज चढला. टकटक त्या आवाजात बुडाली. थांबली की नाही, कोणाला कळेना.

"सोडा, चकचकराव," मामा पुढे बघत म्हणाले. "आलं लक्षात. धरतो मी."

आणि त्यांनी धरले. वीस मिनिटे तो सूर तसूभर हलला नाही. कोणतेही यंत्र इतके स्थिर धरणार नाही, असा तो म्हातारा पाय. चकचकराव दाराशी गुडघ्यांवर बसून राहिला. समोरच्या पोलादी पेटीत, त्याने उघडे पाडलेल्या धातूवर, कोणीतरी क्षणोक्षणी येत होते आणि जात होते, आणि त्याला हाक मारायला नावही धड येत नव्हते.

ताईंनी हात वर केला. मामांनी किल्ली फिरवली. शांतता कानांत घुमली.

तेल गरम असतानाच खाली परातीत काढले. मिस्त्रीने तेलाचा फिल्टर पत्रा कापून उघडला आणि त्याची घडी उजेडात पसरली. चिमूटभर राखाडी चकाकी होती. "रिंगांची," ताई म्हणाल्या. "एवढी यायलाच हवी." लोहचुंबक फिरवला, त्याला पिठासारखी पूड लागली, टोचणारी कणी एकही नाही. मग झाकण निघाले. मिस्त्री पातळ पट्ट्यांनी उंचवटा आणि टॅपेट यांच्यातली फट मोजू लागला. पहिला, ठीक. दुसरा, ठीक. तो पुढे पुढे सरकत गेला. शेवटून दुसऱ्यापाशी थांबला, पट्टी बदलली, पुन्हा घातली.

"हा किंचित गेलाय."

"किती?" चकचकरावाने विचारले.

"नखभरसुद्धा नाही हो. सेटिंगमध्ये बसवतो. बाकीच्यांना ओरखडा नाही." मिस्त्रीने मान हलवली. "मला वाटलं होतं, टकटक ऐकली तेव्हाच गेला."

चकचकराव पुढे झाला. उंचवट्यांच्या टोकांवर आता त्याचा चेहरा दिसत नव्हता. तिथे एक मंद, निळसर करडा पट्टा उमटला होता, धुक्याने काच भरावी तसा. त्याने बोट लावले. बोटाला काही लागले नाही.

"हाच का तो?" त्याने विचारले.

"हाच," ताई म्हणाल्या, आणि त्याही बराच वेळ बघत राहिल्या. कारखान्यात हा त्यांना आकड्यांतच भेटला होता.

परातीतले तेल करडे झाले होते. "हे एवढ्यातच बदलायचं?" धाकटीने विचारले. "नवंच तर आहे."

"रिंगांचा चुरा आहे त्यात, आणि मलम आहे. तो पुन्हा फिरवायचा नाही. शिवाय त्याच्यात जे होतं, त्यातलं बरंच खर्चीही पडलं असेल," ताई म्हणाल्या. चकचकरावाने परात उचलून ते तेल रिकाम्या डब्यात ओतले. त्याच्या हातून एक थेंबही सांडला नाही. मग त्याच कुरूप डब्याच्या जुळ्या भावाने इंजिन पुन्हा भरले.

परवान्याचे दिवस अजून उरले होते. मामांनी गाडी गॅरेजाबाहेर काढली. शेजारी जावई, मागे दोन्ही मुली. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे, असे ठरले होते. नव्या इंजिनाला पहिल्या दिवशी तेवढे पुरे. कोपरा आला. मामांनी वेग कमी केला नाही.

"बाबा," ताई मागून म्हणाल्या, "कोपऱ्यापर्यंत ठरलं होतं."

"तेल काय कोपऱ्यापुरतंच घातलंयस?"

धाकटी खळखळून हसली.  ताईंनी काच खाली करून वारा घेतला. मामांनी गिअर बदलला आणि गाडी गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागली. चकचकराव समोरच्या लांब नाकाकडे पाहत होता. त्याखाली काय चालले आहे, हे आता त्याला ठाऊक होते, आणि तरीही ते त्याला खरे वाटत नव्हते.